सरांना न सांगता एमएमए शिकतेय, आता कराटे सोडू की जिम?

पत्र थोडक्यात:

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरातून सव्वीस वर्षांच्या मुलीने लिहिलंय. पाचवीपासून शोटोकान कराटे करते, ब्लॅक बेल्ट आहे, दर रविवारी सरांच्या क्लासमध्ये लहान मुलींची बॅच घेते, तेही मानधन न घेता. काही महिन्यांपूर्वी ऑफिसजवळ एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्सचं जिम निघालं. तिथे बॉक्सिंग, मुय थाई (थायलंडचं किकबॉक्सिंग), ब्राझिलियन जिउजित्सू म्हणजे बीजेजे (जमिनीवर पकडून लढायची कला) आणि कुस्ती असं सगळं शिकवतात. हिने जॉईन केलं, सरांना सांगितलं नाही. पहिल्याच महिन्यात तालमीत दोन वर्षं काढलेल्या एका कॉलेजच्या पोरीने हिचा पट काढला, म्हणजे पाय धरून ओढले, आडवी केली आणि वर बसली, हिला काही सुचेना. तेव्हापासून 'इतकी वर्षं फुकट गेली का' हा भुंगा लागलाय. रविवारी मुलींना शिकवताना आपण खोटं बोलतोय असं वाटतं. सर म्हणतात, "हल्ली मार्शल आर्टच्या नावाखाली भेळ विकतात." जिममधली मुलं काताला, म्हणजे कराटेच्या ठरलेल्या हालचालींच्या सरावाला, डान्स म्हणतात. बीजेजेच्या क्लासला पांढरा बेल्ट बांधावा लागतो त्याची लाज वाटते. आई म्हणते तोंड फुटलं तर लग्न कोण करेल. जिमवाले वर्षाचं पॅकेज घे म्हणून मागे लागलेत. प्रश्न: कराटे सोडू की जिम?

उत्तर:

अगं, आधी त्या पटाचं बोलू. पत्रात बाकी सगळं दोन-दोन ओळीत उरकलंयस आणि त्या एका पटाला मात्र अर्धं पान दिलंयस, म्हणजे टोचतंय काय ते कळतंच.

तू स्पर्धेत जो कुमिते, म्हणजे समोरासमोरची लढत, खेळलीस त्याचे नियम जरा बाहेरच्या माणसाच्या नजरेने बघ. पंच नीट लागला की युको, एक पॉईंट. अंगावर किक बसली की वाझा-आरी, दोन. डोक्याला किक किंवा पाडलेल्यावर टेक्निक, इप्पोन, तीन. आणि पॉईंट झाला की रेफरी 'यामे', म्हणजे थांबा, म्हणतो आणि दोघी आपापल्या जागेवर परत. एकमेकींना धरून राहिलात तरी तो येऊन सोडवतो. म्हणजे त्या पोरीने तुझ्या पायाला हात घातला ना, बरोबर त्या क्षणी तुझी मॅच आजवर प्रत्येक वेळी थांबत आलीये, आणि तिची कुस्ती तिथून पुढे सुरू होते, रोज पहाटे, जोर-बैठका झाल्यावर, आणि समोरची खरंच पडायला तयार नसताना. तू तिथे हरलीस असं तू लिहितेस, मला वाटतं तू तिथे याआधी कधी गेलीच नव्हतीस. तिला उद्या सांग की धरायचं नाही, फक्त हातापायाने मार, आणि मग बघ ती तुझ्या जवळ तरी येऊ शकते का.

त्यामुळे 'कराटे चालत नाही' हा जो निष्कर्ष तू काढलायस तो मला मान्य नाही. ल्योतो माचिदा म्हणून ब्राझीलचा फायटर होता, वडील शोटोकानचे मास्टर, २००९ साली तो युएफसी या एमएमएच्या मोठ्या स्पर्धेचा लाईट हेवीवेट चॅम्पियन झाला, आणि त्याचं खेळणं बघितलंस तर तुला तुझा क्लास आठवेल, तेच अंतर राखणं, तेच अचानक आत शिरून ग्याकु-झुकी, म्हणजे मागच्या हाताचा पंच, मारणं. फक्त तो बीजेजेतही ब्लॅक बेल्ट होता आणि लहानपणापासून सुमोही करायचा, म्हणजे कोणी पाय धरायला आलं तर काय करायचं हे त्याच्या अंगात होतं. तुझ्या अंगात ते नाहीये, एवढंच झालंय. ते शिकता येतं.

आता जिममधल्या डान्सवाल्यांचं. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत डेन्व्हरला पहिली युएफसी झाली तेव्हा जो तो आपापली एक शैली घेऊन आला होता, एक बॉक्सर तर एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला होता, आणि बीजेजेवाल्या रॉईस ग्रेसीने एका रात्रीत तिघांना हरवलं, बहुतेक सगळं जमिनीवर नेऊन. झालं, लोक म्हणाले हातापायाने मारणं वगैरे संपलं, आता फक्त जमीन. मग तगडे कुस्तीगीर आले, ते वर बसून मारायला लागले, तर लोक म्हणाले आता फक्त कुस्ती. आणि १९९७ मध्ये मॉरिस स्मिथ नावाच्या किकबॉक्सरने मार्क कोलमन या कुस्तीगीराकडून हेवीवेटचं टायटल काढून घेतलं. स्मिथ काही रातोरात कुस्तीगीर झाला नव्हता, खाली पडल्यावर मार न खाता टिकायचं आणि संधी मिळाली की उठायचं, एवढ्यावर त्याने मेहनत घेतली होती, मग कोलमन दमला आणि उभ्याने मारामारी तर स्मिथचीच. सांगायचा मुद्दा, "अमुक शैली संपली" हे दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी म्हणतंच. तू मनावर घेऊ नकोस. पण कोच स्वतः टिंगल करत असेल तर मात्र कान टवकार, कारण जो माणूस इतरांना नावं ठेवून आपला क्लास विकतो त्याच्याकडे शिकवायला किती आहे याची मला नेहमी शंका येते.

आणि स्मिथची गोष्ट उगाच नाही सांगितली. तुझा पुढच्या तीन-चार महिन्यांचा अभ्यास तोच आहे. आत्ता तू जे दिसेल त्या क्लासला जातेस, सोमवारी बॉक्सिंग, मंगळवारी नो-गी (म्हणजे गी हा पोशाख न घालता बीजेजे), बुधवारी मुय थाई, आणि मग डोक्यात नुसता गोंधळ. तसं नको. आठवड्यातले दोन दिवस फक्त जमिनीचे आणि कुस्तीचे ठेव, एक दिवस मुय थाई. जमिनीवरच्या दोन दिवसांत सबमिशनच्या, म्हणजे समोरच्याला हार मानायला लावणाऱ्या पकडींच्या, मागे लागू नकोस, आर्मबार (हात अडकवणं) आणि चोक (गळा आवळणं) नंतर येतील. पट आला की कंबर मागे टाकून स्प्रॉल करणं, पडलीसच तर एक हात मागे टेकून अंतर ठेवत उठणं ज्याला ते टेक्निकल स्टँडअप म्हणतात, आणि कोणी वर बसलं तर खालून सुटणं, एवढ्या तीन गोष्टी कोचला सांगून शिक, आणि त्याच पोरीला पार्टनर म्हणून माग. हो, तिच्याचकडे जा. तुझ्यासाठी त्या जिममध्ये तिच्यापेक्षा चांगला गुरू सध्या कोणी नाही, आणि तिलाही किक कशी खायची नाही हे तुझ्याकडून शिकायचंच असेल की.

मुय थाईच्या दिवशी वेगळं दुखणं येईल, आत्ताच सांगून ठेवते. तुझा झेनकुत्सु-दाचीचा लांब, पुढच्या पायावर वजन टाकलेला पवित्रा तिथे लो किकला आमंत्रण आहे, मांडी काळीनिळी होईल. आणि पंच मारताना दुसरा हात कमरेला ओढायची सवय, हिकिते, तीही तिथे महागात पडते, कारण हनुवटी उघडी राहते. सवय मोडायला वेळ लागतो, मध्ये एक काळ असा येतो की जिममध्ये हात कमरेला जातात आणि क्लासमध्ये काता करताना हात तोंडाशी येतात, दोन्हीकडे बोलणी खावी लागतात. चालतं ते.

आता सरांची भेळ. इथे मला सरांना थोडं अडवायचंय आणि थोडं त्यांच्या बाजूनेही बोलायचंय.

अडवायचंय कारण 'शुद्ध' असं सरांच्या हातात तरी काय आहे? जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये कोडोकान काढलं तेव्हा जुन्या जिउजित्सूच्या दोन घराण्यांचं, कितो-र्यू आणि तेन्जिन शिन्यो-र्यूचं, घेऊन, गाळून, ज्युदो उभं केलं. पुढे १९२२ मध्ये शोटोकानचे जनक फुनाकोशी ओकिनावाहून टोकियोला आले, कानोंनी त्यांना कोडोकानमध्ये प्रात्यक्षिक करायला बोलावलं, आणि तू जो पांढरा गी घालतेस आणि जो काळा बेल्ट बांधतेस ती पद्धत कराटेत ज्युदोकडून आलीये. त्याच कोडोकानचा माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला गेला, त्याने कार्लोस ग्रेसीला शिकवलं, आणि त्यातून पुढे बीजेजे झालं. म्हणजे तुझा काळा बेल्ट आणि तुझ्या जिममधला तो चोक हे जवळचे नातेवाईक आहेत, आणि तू मध्ये उभी राहून कोणाशी बेइमानी झाली याचा हिशोब करत बसलीयेस.

सरांच्या बाजूने यासाठी की भेळ विकणारे खरंच आहेत. बोर्डावर सात शैलींची नावं, एका तासात वॉर्मअप, दोन पंच, एक थ्रो, एक चोक, रील, टाळ्या, घरी. असं वर्षभर केलं तरी कोणी खरोखर धरलं की हातात काही नसतं.

मग मिसळलेलं चांगलं कधी आणि भेळ कधी? माझ्या मते एकच गोष्ट बघायची, समोरचा खरा विरोध करतोय का. कानोंचं ज्युदो टिकलं ते रांदोरीमुळे, म्हणजे दोघंही एकमेकांना पाडायला बघतायत आणि कोणी आपणहून पडत नाहीये. हवाईत १९४७ च्या सुमारास कराटे, ज्युदो-जुजुत्सू, केन्पो आणि चिनी बॉक्सिंग करणाऱ्या पाच जणांनी मिळून काजुकेन्बो काढलं, तेही एकमेकांशी भिडून, जे टिकलं नाही ते टाकून देत. तालमीतही वस्ताद हेच करतात, डाव दाखवतात आणि मग गडी अंगावर सोडतात. शैली एक असो की पाच, सरावात समोरचा विरोध करत नसेल तर ती कवायत झाली. कवायतही वाईट नसते, फक्त तिला मारामारी म्हणून विकू नये.

त्यामुळे जिम बघताना (आणि हे मी तुझ्यासकट त्या सगळ्यांना सांगतेय ज्यांनी या विषयावर आधी विचारलंय, त्यात काही पालकही आहेत) टाईमटेबल सोडा, मॅटच्या कडेला बसून एक अख्खा क्लास बघा. नवीन माणसाला पहिल्या दिवशी टॅप करायला, म्हणजे हात आपटून हार मानायला, शिकवतात का, आणि टॅप केल्यावर समोरचा लगेच सोडतो का. सीनियर लोक नवख्यांवर हात साफ करतात की स्वतःला आवरतात. डोक्यावर जोरात मारामारी रोजच चालते का, तसं असेल तर सरळ उठून या, कारण मेंदूला सराव आणि स्पर्धा यातला फरक कळत नाही, आणि कोणाला मार लागून गरगरलं, उलटी झाली, डोकं दुखत राहिलं तर त्याला त्याच दिवशी पुन्हा उतरवणारा कोच कितीही मेडलवाला असला तरी नको. मॅट रोज पुसतात का विचारा, गजकर्ण झालेल्याला बरा होईपर्यंत घरी बसवतात का, नखं कापली नसतील तर मॅटवर सोडतात का. हे किरकोळ वाटेल पण जिमची शिस्त मला तरी इथेच दिसते. कोचला ब्लॅक बेल्ट कोणी दिला विचारा, चांगला कोच आनंदाने सांगतो. बीजेजेत ब्लॅक बेल्टपर्यंत जायला साधारण दहा वर्षं लागतात, तेव्हा कोणी स्वतःच्या मिश्र शैलीचा ब्लॅक बेल्ट दीड वर्षात देत असेल तर तो पैसे भरल्याची पावती समजा. बायकांनी अजून एक बघायचं, पार्टनर निवडायचं आणि नाकारायचं स्वातंत्र्य आहे का, आणि नाही म्हटल्यावर कोणी तोंड वाकडं करतं का. लहान मुलांसाठी डोक्यावर मार नसलेलं, पकडापकडीचं आधी, बाकी पुढचं पुढे.

या कसोटीवर तुझं जिम बरं दिसतंय, पत्रावरून तरी. त्या पोरीने तुला पाडलं, तू टॅप केलास, तिने सोडलं आणि हात देऊन उठवलं असं तूच लिहिलंयस. भेळवाल्याकडे असं होत नाही.

आता तुझ्या रविवारच्या मुली. पत्रातली ही ओळ मला सगळ्यात जास्त भावली. पण खोटं नक्की कुठे आहे ते बघू. काता शिकवतेस त्यात काही खोटं नाही. आठ-नऊ वर्षांची पोरगी एका पायावर तोल सांभाळायला शिकते, पोटातून किआई, म्हणजे जोराची आरोळी, काढते, चार लोकांसमोर न लाजता उभी राहते, हे खरंच मिळतं तिला, आणि ज्या घरात पोरीला हळू बोल म्हणून सांगतात तिथे ती किआई काही छोटी गोष्ट नाही. खोटं शिरतं ते 'कोणी मनगट धरलं तर असं सोडवायचं' या भागात, कारण तिथे धरणारी मैत्रीण हळूच धरते आणि वेळ आली की सोडून देते, आणि बघणाऱ्या आयांना वाटतं आपली पोरगी आता सुरक्षित. तेवढं बदल. एकीला सांग, घट्ट धर, सोडू नकोस. सुटणार नाही बहुतेकींना, मग त्यांना कळेल की जोर लावावा लागतो, अंगठ्याच्या बाजूने हिसका द्यावा लागतो, आणि तरीही नाही सुटलं तर ओरडावं, चावावं, पळावं लागतं. हसतील, घाम येईल, एखादी रडेलही. पालकांनाही स्पष्ट सांग की या वयात आठवड्यातून एक दिवस शिकून मोठ्या माणसाला कोणी हरवत नाही. यासाठी तुला कराटे सोडायचीही गरज नाही आणि त्यात बीजेजे घुसवायचीही नाही. घुसवू तर नकोच, तो क्लास सरांचा आहे.

रस्त्यावर काय चालेल यावर तुझ्या जिममध्ये वाद चालतात म्हणतेस, त्यात पडू नकोस. रस्त्यावर मॅट नसते, समोर एकच माणूस असेल याची खात्री नसते, खाली लोळून आर्मबार लावणं तिथे वेडेपणा आहे, पण पडल्यावर पटकन उठता येणं जबरदस्त उपयोगी आहे. म्हणजे परत तेच, उठायला शिक.

आईचं म्हणशील तर तिची काळजी खरी आहे, लग्नाचा मुद्दा तेवढा बाजूला ठेव. मेडिकलमध्ये मिळतो तो नको, डेंटिस्टकडून माप घेऊन माउथगार्ड करून घे. हार्ड स्पॅरिंग करत नाहीस हे तिला सांग आणि खरंच करू नकोस, तुला फाईट खेळायचीच नाहीये म्हणतेस तर गरज काय. कुस्तीच्या दिवशी कान फार घासला जात असेल तर इअरगार्ड घाल, पैलवानांचे चेपून फुगलेले कान तुझ्या आईने पाहिलेले असणारच. आणि तिला पूजा तोमरचं सांग, मूळची वुशू या चिनी मार्शल आर्टची पोरगी, २०२४ च्या जूनमध्ये युएफसीत जिंकणारी पहिली भारतीय बाई झाली. आईला लगेच पटेल असं नाही, पण निदान टीव्हीवर बघून शिव्या देण्यात तुमची एक संध्याकाळ बरी जाईल.

पांढरा बेल्ट बांध, त्यात कसली लाज. दुसऱ्या खेळात तू नवीन आहेस आणि तिथल्या लोकांना तसंच वागवायला सांगतेयस, ज्युदोचे ब्लॅक बेल्टही तिथे पांढऱ्यापासून सुरुवात करतात. उलट काळा बांधून गेलीस तर प्रत्येक जण तुला पाडून बघेल.

पॅकेजचं एका वाक्यात, वर्षाचे पैसे आत्ता भरू नकोस, सूट कितीही मिळू दे, तीन महिन्यांचे भर.

राहिले सर. तू विचारतेस कराटे की जिम, पण मला तुझ्या पत्रात शैलीचा पेच फार दिसत नाही, लपवाछपवीचा दिसतो. छोटं शहर, दोन्हीकडची मुलं एकमेकांना इन्स्टावर फॉलो करतात, आज ना उद्या तुझा एखादा व्हिडिओ सरांच्या फोनवर जाणारच, आणि तेव्हा त्यांना जिमपेक्षा जास्त लागेल ते तू सांगितलं नाहीस हे. म्हणून या आठवड्यातच सांग. रविवारी बॅच संपल्यावर नको, तेव्हा पालक घुटमळत असतात. आधी फोन कर, घरी येऊ का विचार, आणि परवानगी मागितल्यासारखं बोलू नकोस, कळवल्यासारखं बोल. "सर, मी जमिनीवरचं शिकायला एका ठिकाणी जातेय, तुमच्याकडचं सोडत नाहीये, तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून आलेय." एवढंच. मग गप्प बस आणि त्यांना बोलू दे, भेळ-बिळ जे काय म्हणायचं ते म्हणू दे, आणि जमलं तर एक विचार, की सर, तुम्ही कराटेच्या आधी काय काय केलं होतंत? त्या पिढीतले बरेच जण कधीतरी ज्युदो, बॉक्सिंग, नाहीतर गावाकडच्या मातीतून फिरून आलेले असतात, तुझे सरही असतील.

ते 'एक काहीतरी निवड' म्हणाले तर? म्हणू शकतात. त्यांची भीतीही समज, ब्लॅक बेल्टवाली एक मुलगी गेली की तिच्यामागे चार जातात, आणि मुलींच्या बॅचचं काय हा प्रश्न त्यांना पडणारच. पण तू ती बॅच इतकी वर्षं फुकट घेतेयस हेही खरं आहे, आणि गुरूचं ऋण म्हणून किती रविवार द्यायचे याला कुठेतरी हिशोब असावा, हे मी जरा तिखट बोलतेय पण बोलते. तसंच म्हणाले तर त्याच बैठकीत उत्तर देऊ नकोस. वर्षअखेरच्या ग्रेडिंगपर्यंत, म्हणजे बेल्टच्या परीक्षेपर्यंत, मुलींची बॅच सांभाळते, तोवर तुम्हीही विचार करा, मीही करते, असं म्हण आणि ऊठ. मुलींचं वर्ष मोडत नाही, सरांनाही दुसरी कोणी तयार करायला वेळ मिळतो, आणि एवढ्या महिन्यांत राग बराच उतरतो. नाहीच उतरला तर ग्रेडिंग करून, पाया पडून, सरळ निघ. जिममध्ये मात्र राहा, कारण तुला जे येत नाही ते तिथे शिकवतात, सरांकडे ते नाही.

आणि त्यांनी कुठलं जिम म्हणून विचारलंच तर नाव सांग, पत्ता सांग, एकदा बघायला या म्हण. यायला तयार झाले तर बीजेजेच्या दिवशी बोलावू नकोस, मुय थाईच्या पॅडवर्कला बोलाव, तुझी मावाशी-गेरी, म्हणजे गोल फिरवून मारलेली किक, पॅडवर वाजलेली ऐकली की सर आपोआप पुढे येऊन कोचलाच दोन गोष्टी सांगायला लागतील.